संयुक्त प्रार्थनेत सर्वांनी एकत्र म्हणावा असा विश्वास कोणता?

प्रश्न : खानापूरची शिक्षिका

सर्वांना ख्रिस्तात सलाम.

दरवर्षी १८ ते २५ जानेवारी या काळात ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थना सप्ताह पाळला जातो. त्यातील एका संध्याकाळी बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातील मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांनी एकत्र बसावे, असे आमच्यापैकी काहींनी ठरविले आहे. आमचा गट फार मिश्र आहे. मी स्वतः मेथोडिस्ट आहे. दोन कुटुंबे घरात कोकणी बोलणारी कॅथलिक आहेत. एक वहिनी कोल्हापूरकडची, म्हणजे उत्तर भारतीय मंडळीची (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया). आणि चिकोडीहून येणारे बंधू पेन्टेकॉस्टल सभेचे आहेत. सभेच्या सुरुवातीला सर्वांनी उभे राहून वाचावे असे एक पान तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

पहिल्या मसुद्याला ‘खऱ्या विश्वासणाऱ्यांचा समान विश्वास’ असे शीर्षक देऊन आम्ही सुचतील ते मुद्दे लिहीत गेलो, आणि पान भरत गेले तसतसे एकेक जण नाराज होत गेला. बाप्तिस्मा बुडवूनच घ्यावा हे वाक्य कॅथलिकांना आणि आम्हा मेथोडिस्टांनाही मान्य नव्हते. मरीयेविषयीचे वाक्य चिकोडीच्या बंधूंना चालले नाही. प्रभूच्या दुसऱ्या येण्याआधी काय काय घडेल याविषयी तर प्रत्येकाचे मत वेगळे निघाले. आता पान लहान करायचे आहे, परंतु इतके लहान नव्हे की कोणत्याही सज्जन माणसाने त्यावर सही करावी. माझा प्रश्न असा की, ज्यावाचून ख्रिस्ती विश्वास हा ख्रिस्ती विश्वास राहत नाही असे नेमके काय आहे, आणि ते ठरविण्याचा आधार कोणता? शेजारची हिंदू आणि लिंगायत मंडळीही ऐकायला येणार आहेत, तेव्हा भाषा त्यांनाही समजेल अशी हवी.

उत्तर १ : निपाणीचा निवृत्त पाळक

बाई, आपण नव्याने यादी करण्याच्या भानगडीत पडू नये, असे मला वाटते, कारण हे काम मंडळीने फार पूर्वीच करून ठेवलेले आहे. प्रेषितांचा मतांगीकार, म्हणजे विश्वासाची जुनी संक्षिप्त कबुली, घ्या. तो प्रेषितांनी स्वतः लिहिलेला नाही. रोमच्या मंडळीत बाप्तिस्म्याच्या वेळी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नोत्तरांतून तो आकाराला आला. परंतु त्यातील एकही वाक्य आपल्या गटातील कोणालाही नाकारता येणार नाही. सर्वसमर्थ पिता, आकाश व पृथ्वी यांचा निर्माता, त्याचा एकुलता एक पुत्र येशू ख्रिस्त, जो पवित्र आत्म्याच्या योगे कुमारी मरीयेच्या पोटी जन्मला, पंतय पिलाताच्या कारकिर्दीत वधस्तंभावर मरण पावला, तिसऱ्या दिवशी मेलेल्यांतून उठला, स्वर्गात गेला आणि जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करण्यासाठी पुन्हा येणार आहे, पवित्र आत्मा, मंडळी, पापांची क्षमा, देहाचे पुनरुत्थान आणि सार्वकालिक जीवन. इतकाच मजकूर आहे.

या मजकुराच्या मधोमध एका रोमी सुभेदाराचे नाव आहे, याकडे लक्ष द्यावे. ते तेथे आले आहे कारण हा विश्वास एखाद्या तत्त्वावर उभा नाही. एका विशिष्ट काळी, एका विशिष्ट राजवटीत घडलेल्या घटनेवर उभा आहे. पौल करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात स्पष्ट म्हणतो की, ख्रिस्त आपल्या पापांकरिता मरण पावला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठविला गेला आणि केफाला (पेत्राला) व बाराजणांना दिसला, हे मला मिळाले तेच मी तुम्हांला सोपवून दिले. म्हणजे पौलाच्याही आधी कोणीतरी हे शब्द पाठ करून घेत होते. त्याच अध्यायात तो पुढे सांगतो की, ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ. पुनरुत्थानाला ‘शिष्यांच्या मनातील आठवण’ म्हणून सौम्य करणारी प्रवचने मी ऐकली आहेत, आणि पौलाने ती ऐकून घेतली नसती.

आता अधिक कठीण भाग. येशू कोण, या प्रश्नावर चौथ्या शतकात मंडळी अक्षरशः दुभंगली होती. अलेक्झांड्रियाचा एरियस नावाचा पाळक शिकवीत असे की, पुत्र हा थोर खरा, सर्व सृष्टीच्या आधीचा खरा, परंतु निर्माण केलेलाच. इ. स. ३२५ मध्ये निकेया येथील परिषदेने त्याला उत्तर दिले की, पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे, घडविलेला नाही. वाद तेवढ्याने मिटला नाही. निकेयाच्या बाजूने उभा राहिलेला अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस याला या मतापायी पाच वेळा हद्दपारी सोसावी लागली, आणि ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेनंतरच पवित्र आत्म्याविषयीचा भागही पक्का झाला. अथनासियसचे म्हणणे थोडक्यात असे होते की, जो स्वतः निर्मित आहे तो दुसऱ्या निर्मिताला देवाशी जोडू शकत नाही. तारण करणारा देवच असला पाहिजे. त्रैक्याचा सिद्धांत अनेकांना गणिताचे कोडे वाटतो, आणि आपल्या उपदेशकांनी दिलेल्या पाणी-बर्फ-वाफेच्या दृष्टांताने तो अधिकच बिघडतो, कारण त्यातून एकच देव तीन वेळा वेश बदलतो असा अर्थ निघतो आणि तो अर्थ मंडळीने फार पूर्वीच नाकारलेला आहे. शेजाऱ्यांना सांगताना इतकेच सांगावे की, आम्ही तीन देव मानीत नाही. एकच देव पिता, पुत्र व पवित्र आत्मा म्हणून आम्हांला भेटला, आणि तो तसाच सर्वकाळ आहे.

आधाराविषयी आपण विचारलेत. १९६१ मध्ये नवी दिल्ली येथे जागतिक मंडळी परिषदेचे अधिवेशन भरले, तेव्हा तिने आपल्या सभासदत्वाचा पाया याच दोन गोष्टींवर निश्चित केला : शास्त्रलेखांनुसार प्रभू येशू ख्रिस्त हा देव व तारणारा आहे, आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा या एका देवाच्या गौरवासाठी आपण एकत्र चालायचे आहे. त्याच अधिवेशनात रशियन ऑर्थोडॉक्स मंडळीही सभासद झाली. इतक्या दूरदूरच्या लोकांना जे पुरले, ते आपल्या खानापूरच्या सभागृहाला पुरायला हरकत नाही.

उत्तर २ : चिकोडीचा विश्वासणारा

पाळकसाहेबांनी लिहिलेल्या मजकुराशी माझा वाद नाही. वाद आहे तो पाठांतराशी. माझे वडील लहानपणापासून हा मतांगीकार दर रविवारी म्हणत आले आणि चाळिशी उलटेपर्यंत त्यांच्या जीवनात त्याचा काहीही परिणाम दिसला नाही. दारूही सुटली नाही. निकदेम नावाच्या यहूदी पुढाऱ्याला प्रभूने काय सांगितले? नव्याने जन्मल्यावाचून देवाचे राज्य पाहता येत नाही. ही गोष्ट आपल्या पानावर कोठे आहे? भुतेही देव एकच आहे असे मानतात आणि थरथर कापतात, असे याकोबाच्या पत्रातच लिहिले आहे.

दुसरे असे की, आमच्या सभेत मतांगीकार म्हटला जात नाही, कारण आम्ही शास्त्रलेखांखेरीज दुसरा अधिकार मानत नाही. म्हणून माझी सूचना अशी की, पानाच्या सुरुवातीला रोमकरांस पत्राच्या दहाव्या अध्यायातील नववे वचन घ्यावे : येशू प्रभू आहे असे मुखाने कबूल करणे, आणि देवाने त्याला मेलेल्यांतून उठविले असा अंतःकरणात विश्वास ठेवणे. त्यात मुखही आले आणि अंतःकरणही आले. आणि तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे होते, कर्मांनी नव्हे, हे वाक्य असल्याशिवाय मी ते पान वाचू शकणार नाही, हे आताच सांगून ठेवतो.

उत्तर ३ : बेळगाव कॅम्पातील कॅथलिक वाचक

चिकोडीच्या बंधूंचे शेवटचे वाक्य मी आनंदाने वाचीन, हे ऐकून त्यांना कदाचित आश्चर्य वाटेल. कॅथलिक माणूस आपल्या पुण्याच्या गाठोड्यावर स्वर्ग विकत घेऊ पाहतो, असा समज आपल्या भागात इतका पक्का आहे की आमच्यातील काहीजणही तो खरा मानून वागतात. वस्तुस्थिती अशी की, ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे कॅथलिक चर्च आणि ल्यूथरन जागतिक संघ यांनी एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, आणि त्यात दोघांनी मिळून कबूल केले की, आपल्या कोणत्याही योग्यतेमुळे नव्हे, केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरील विश्वासाने देव आपल्याला स्वीकारतो, आणि पवित्र आत्मा आपल्याला सत्कृत्यांसाठी समर्थ करतो. २००६ मध्ये जागतिक मेथोडिस्ट परिषदेनेही त्याला संमती दिली, म्हणजे प्रश्न विचारणाऱ्या बाईंची मंडळीही त्यात आली. सगळे मतभेद त्यामुळे संपले असे नाही. परंतु सोळाव्या शतकात ज्या मुद्द्यावरून एकमेकांना शाप दिले गेले, त्याच मुद्द्याचा गाभा आज एकत्र म्हणता येतो. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील आठव्या-नवव्या वचनांपाशी न थांबता दहावे वचनही वाचावे, एवढीच माझी विनंती आहे. तेथे सत्कृत्यांचा उल्लेख लगेच येतो.

मरीयेविषयी मी मुद्दा ताणणार नाही. ती कुमारी असताना येशू तिच्या पोटी जन्मला, हे मतांगीकारातच आहे आणि ते आपल्या सर्वांचे आहे. तिच्या निष्कलंक गर्भसंभवाविषयीची (ती मूळ पापाविना गर्भी आली) १८५४ ची आणि स्वर्गोन्नयनाविषयीची (ती सदेह स्वर्गात घेतली गेली) १९५० ची घोषणा या कॅथलिक श्रद्धेच्या गोष्टी आहेत. त्या मला प्रिय आहेत, पण संयुक्त पानावर त्या घालण्याचा आग्रह मी धरणार नाही. शास्त्रलेखांबाबतही तसेच. आमच्या बायबलात ७३ पुस्तके आहेत आणि तुमच्या बायबलात ६६, पण तो सगळा फरक जुन्या करारातला आहे. नव्या कराराची २७ पुस्तके तीच आहेत. ‘शास्त्रलेख देवप्रेरित आहेत आणि विश्वासाला प्रमाण आहेत’ इतके लिहिले तर कोणालाही अडचण येणार नाही.

एक कटू गोष्ट मात्र आधीच बोलून घ्यावी. त्या संध्याकाळी भाकर व द्राक्षारस यांचा विधी ठेवू नये. प्रभूने तो नेमून दिला हे आपण सर्व मानतो. परंतु त्यात तो कशा रीतीने उपस्थित असतो आणि तो विधी कोणी चालवावा, यावर आपण अजून एक झालेलो नाही, आणि ऐक्य साधल्याचा देखावा करण्यापेक्षा हे दुःख तसेच राहू देणे अधिक प्रामाणिक आहे.

खानापूरची शिक्षिका

तिघांचेही मनःपूर्वक आभार. आणखी दोन शंका आहेत. मूळची केरळची, ऑर्थोडॉक्स मंडळीतील एक परिचारिका आमच्यात येऊ इच्छिते. तिला हा मतांगीकार चालेल का? आणि मुक्तिफौजेचे (साल्व्हेशन आर्मीचे) लोक बाप्तिस्मा देत नाहीत असे मी ऐकते, मग बाप्तिस्म्याचे काय करावे? तिसरा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण तो सभेत येणारच : या पानाबाहेर राहतात त्यांना आपण ख्रिस्ती नाहीत असे म्हणायचे का?

निपाणीचा निवृत्त पाळक

त्या भगिनींच्या उपासनेत प्रेषितांचा मतांगीकार म्हणत नाहीत, निकेयाचा, म्हणजे चौथ्या शतकातील त्या परिषदांतून आलेला, म्हणतात. पण प्रेषितांच्या मतांगीकारातील आशयाला त्यांची हरकत असण्याचे कारण नाही. उलट निकेयाचा घेतला तर अडचण येईल, कारण आत्मा ‘पित्यापासून आणि पुत्रापासून’ निघतो यातील ‘आणि पुत्रापासून’ हे शब्द पश्चिमेकडच्या मंडळ्यांनी मागाहून घातले आणि पूर्वेकडच्यांनी ते कधीही स्वीकारले नाहीत. ख्रिस्त देव व मनुष्य दोन्ही कसा, यावर निर्णय देणारी ४५१ ची कॅल्सेडन परिषदही केरळच्या त्या मंडळीने मानलेली नाही. तरी ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य आहे हे ती ठामपणे सांगते. १९७३ मध्ये पोप सहावे पॉल आणि केरळच्या मंडळीच्याच परंपरेतील, इजिप्तमधील कॉप्टिक मंडळीचे पोप तिसरे शनूदा यांनी हे एकत्र लिहूनही दिले. दीड हजार वर्षांच्या भांडणात शब्दांचा वाटा किती मोठा होता, हे तेव्हा उघड झाले.

मुक्तिफौजेविषयी आपण ऐकले ते खरे आहे. त्यांच्यात बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे दोन्ही विधी होत नाहीत, तरी त्रैक्य, ख्रिस्ताचे देवत्व, त्याचे मरण व पुनरुत्थान यांविषयी त्यांची शिकवण आपलीच आहे, आणि अहिल्यानगरच्या त्यांच्या रुग्णालयाने आपल्यासारख्या कितीतरी मंडळ्यांपेक्षा अधिक शुभवर्तमान सांगितले असेल. म्हणून विधीची पद्धत पानावर नको. ‘पापांची क्षमा’ हे शब्द तेथे आहेत, ते राहू द्यावेत.

तिसऱ्या प्रश्नात दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. एखादी शिकवण या विश्वासात बसते की नाही, हे आपण सांगू शकतो आणि सांगितले पाहिजे. यहोवाचे साक्षीदार त्रैक्य नाकारतात आणि पुत्राला निर्मित मानतात. ते येशूवर प्रेम करतात याविषयी मला शंका नाही, पण त्यांची शिकवण एरियसच्या बाजूची आहे, आणि त्यांना हे पान वाचायला लावणे म्हणजे त्यांच्याही प्रामाणिकपणाचा अपमान होईल. मॉर्मन मंडळीचेही थोडेफार तसेच. ती पिता, पुत्र व आत्मा ही नावे घेते, परंतु त्यांना एकतत्त्व मानत नाही, आणि २००१ मध्ये कॅथलिक चर्चने तिचा बाप्तिस्मा ग्राह्य नसल्याचे जाहीर केले ते याच कारणाने. दुसरी गोष्ट म्हणजे अमुक माणूस खरा विश्वासणारा आहे की नाही. ते ठरविण्याचा अधिकार आपल्याला दिलेला नाही. ‘प्रभू, प्रभू’ म्हणणारा प्रत्येकजण राज्यात जाईल असे नाही, हे मत्तयाच्या सातव्या अध्यायात प्रभूच सांगतो, आणि तेराव्या अध्यायात गव्हातील निदण (तण) कापणीपर्यंत उपटू नका असेही तोच सांगतो. तेव्हा शीर्षकातील ‘खऱ्या’ हा शब्द काढून टाकावा.

चिकोडीच्या बंधूंची हरकत मला मान्य आहे. रोमकरांस पत्रातील ते वचन आधी, मग मतांगीकार, आणि त्यानंतर इफिसकरांस पत्रातील ती तीन वचने, असा क्रम ठेवावा. वडिलांविषयी त्यांनी लिहिले ते वाचून मी बराच वेळ थांबलो. आमच्या पिढीच्या पाळकांनी पाठांतर करून घेतले आणि तेथेच सोडले, हे खरे आहे.

चिकोडीचा विश्वासणारा

या क्रमाने असेल तर मी वाचीन, आणि मतांगीकारही म्हणेन. त्यात शास्त्रलेखांबाहेरचे काही मला सापडले नाही. फक्त ‘अधोलोकात उतरला’ या ओळीविषयी विचारायचे आहे; ती कोठे असते, कोठे नसते.

कॅम्पातील कॅथलिक वाचक

आमच्याकडे असते. अमेरिकन मेथोडिस्ट परंपरेतील अनेक उपासनापुस्तकांत ती वगळलेली आहे, म्हणून बाईंच्या मंडळीत कदाचित ती ऐकू येत नसेल. ती ओळ कंसात छापावी. ज्यांना म्हणायची असेल त्यांनी म्हणावी आणि इतरांनी एक क्षण थांबावे. या पानाच्या कन्नड भाषांतराचे मुद्रितशोधन मी करून देईन.

खानापूरची शिक्षिका

ओळ कंसात घातली आहे आणि शीर्षक बदलून ‘आमचा विश्वास’ इतकेच ठेवले आहे. मराठी पान आज छपाईला देते. कन्नड पान कॅम्पात पाठविते.