भूकंपांच्या कालक्रमाची फ्रॅक्टल मिती: मोठ्या धक्क्याआधीची घट खरी मानावी का? (मदत हवी आहे)

नमस्कार.

भूकंपसूचीतील धक्क्यांच्या वेळांचे फ्रॅक्टल विश्लेषण करून पाहत आहे, म्हणजे धक्के काळात किती घोळक्याने किंवा किती विखरून येतात ते एका आकड्यात (मितीत) मांडतो आहे. त्यातून हाती येणारा आकडा भूकंपांविषयी खरोखर काही सांगतो, की तो मोजण्याच्या पद्धतीतूनच उपजतो, एवढ्यापुरती मला जाणकारांची मदत हवी आहे.

स्मॉली, टर्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये न्यू हेब्रिडीज (आजचे व्हानुआतू) बेटांच्या परिसरातील भूकंपांसाठी वापरलेली पद्धत मी घेतली आहे. एकूण कालावधीचे सारख्या लांबीचे तुकडे पाडायचे, त्यांपैकी किती तुकड्यांत निदान एक तरी धक्का येतो ते प्रमाण मोजायचे, तुकड्यांची लांबी वाढवत हेच पुन्हा करायचे, आणि लॉग-लॉग आलेखावर (ज्याचे दोन्ही अक्ष लॉगरिदमचे असतात) हे प्रमाण लांबीबरोबर सरळ रेषेत चढत गेले, तर त्या रेषेचा उतार १ मधून वजा करून मिती, म्हणजे डी, काढायची. धक्के घोळक्याने येत असतील तर डी कमी येतो आणि सारख्या अंतराने पसरलेले असतील तर तो १ च्या जवळ जातो, अशी माझी समजूत आहे. (आकी यांनी १९८१ मध्ये बी-मूल्याच्या, म्हणजे मोठ्या धक्क्यांच्या तुलनेत लहान धक्के किती ते सांगणाऱ्या आकड्याच्या, दुपटीशी जोडलेली मिती अवकाशातील रचनेची आहे, ती मी यात आणलेली नाही.)

गुटेनबर्ग-रिश्टर आलेख (किती मॅग्निट्यूडचे धक्के किती वेळा येतात ते दाखवणारा) ज्या मॅग्निट्यूडखाली सरळ रेषा सोडून वाकू लागतो, त्याखालचे सर्व धक्के मी वगळले आहेत, कारण तिथे सूची अपुरी असते. उरलेल्या नोंदींवर दोन वर्षांची खिडकी पुढे पुढे सरकवत, १ ते १० दिवस लांबीच्या तुकड्यांवर रेषा बसवून प्रत्येक वेळी डी काढला. एका मोठ्या भूकंपाच्या आधीच्या खिडक्यांत तो ठळकपणे खाली येतो. गार्डनर आणि नोपॉफ यांच्या १९७४ च्या पद्धतीने आफ्टरशॉक, म्हणजे मोठ्या धक्क्यामागोमाग येणारे धक्के, काढून टाकले, तरी ती घट कायम राहते. हुरळून जाण्यासारखी गोष्ट आहे खरी. परंतु त्याच खिडक्यांत धक्क्यांची संख्याही कमी आहे, आणि तिथेच मनात शंका येते. ही घट पूर्वसूचक मानावी का? तसेच, रेषा बसवण्यासाठी १ ते १० दिवस हीच मर्यादा घेण्याला काही आधार आहे का?

प्रतिसाद

तुम्हाला जिथे शंका आली, तिथेच पाणी मुरते आहे. आपल्या दोन प्रश्नांपैकी दुसऱ्याचे उत्तर मिळाले की पहिल्याचे आपोआप मिळते.

धक्के पूर्णपणे यादृच्छिक, म्हणजे प्वासाँ प्रक्रियेने, येत आहेत असे धरा. मग एखाद्या तुकड्यात निदान एक धक्का येण्याची संभाव्यता '१ वजा ई चा ऋण एक्स घात' इतकी असते, ज्यात ई म्हणजे सुमारे २.७१८ ही संख्या आणि एक्स म्हणजे त्या लांबीच्या तुकड्यात येणाऱ्या धक्क्यांची सरासरी संख्या. सरासरी रोज एक धक्का येत असेल, तर एका दिवसाच्या तुकड्यांसाठी हे प्रमाण ०.६३ येते आणि दहा दिवसांच्या तुकड्यांसाठी जवळजवळ १. या दोन टोकांमधला सरासरी उतार ०.२० भरतो, म्हणजे डी ०.८०. आता सरासरी दहा दिवसांतून एकच धक्का येऊ द्या. त्याच १ ते १० दिवसांच्या मर्यादेत प्रमाण ०.०९५ पासून ०.६३ पर्यंत चढते, उतार ०.८२ होतो आणि डी एकदम ०.१८ वर येतो. घोळका कुठेच नाही, बदलला तो फक्त दर. मोठ्या भूकंपाआधी परिसर शांत झाला असेल, तर ती शांतताच आपल्या आलेखावर मितीची घट म्हणून उमटेल, आणि ती पाहायला धक्क्यांची साधी मोजणी पुरेशी होती. शिवाय हा वक्र मुळात सरळ नाही; दहापटीच्या एवढ्याशा पट्ट्यात विखुरलेल्या बिंदूंवर तो सरळ भासतो, इतकेच.

म्हणून तुकड्याची लांबी दिवसांत न मोजता, त्या खिडकीतील दोन धक्क्यांमधल्या सरासरी अंतराच्या पटीत मोजा, आणि खिडकी समान कालावधीची न ठेवता समान संख्येच्या धक्क्यांची ठेवा. त्यानंतर प्रत्येक खिडकीसाठी तितक्याच धक्क्यांच्या यादृच्छिक सूच्या संगणकावर शेकड्यांनी तयार करून, खरा डी त्यांच्या पसाऱ्याबाहेर पडतो का ते पाहा.

मात्र आफ्टरशॉकसह असलेली मूळ सूची या चाचणीत सहज 'यादृच्छिक नाही' अशी ठरेल, आणि त्यात नवल काहीच नसेल, कारण आफ्टरशॉकचा दर काळाच्या साधारण व्यस्त प्रमाणात घटतो हे ओमोरी यांनी १८९४ मध्येच दाखवले आहे. त्यामुळे मूळ सूचीची तुलना ओगाता यांच्या १९८८ च्या प्रारूपाने, म्हणजे ईटासने, बनवलेल्या कृत्रिम सूच्यांशी करावी. हे प्रारूप आफ्टरशॉकचे घोळके आधीच हिशेबात धरते. तरीही डी वेगळा पडला, तरच त्याच्याकडे लक्ष द्यावे.

आणखी एक खबरदारी घ्यावी लागेल. मोठ्या धक्क्यानंतरच्या पहिल्या काही तासांत लहान धक्के त्याच्या लांबलेल्या कंपनांत झाकले जातात आणि सूचीत येतच नाहीत, त्यामुळे आपण काढलेली पूर्णतेची मर्यादा (ज्या मॅग्निट्यूडखालचे धक्के आपण वगळले ती) तेवढ्या काळापुरती लागू पडत नाही. ते तास एकदा वगळून आणि एकदा ठेवून, दोन्ही प्रकारे डी काढून पाहावा.