वसईतली जुनी लॅटिन मिस्सा कोणाला आठवते?

गिरीजची लेक

नमस्कार. माहेर वसईचं, सध्या नोकरीसाठी पुण्यात. माझी आजी ८६ वर्षांची आहे. ती सांगते की तिच्या लहानपणी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, अख्खी लॅटिनमध्ये व्हायची, फादर लोकांकडे पाठ करून उभे असायचे आणि कम्युनियन (मिस्सेतली पवित्र भाकर) घ्यायचं असेल तर रात्री बारानंतर पाण्याचा घोटसुद्धा चालत नसे. मी विचारलं, "मग एक अक्षर कळत नसताना तुम्ही तिथं तासभर काय करायचात?" तर म्हणते, "बसायचो." यापुढे काही सांगत नाही. १९५०-६० च्या काळातलं कोणी इथे असेल तर जरा लिहा ना.

माजी वेदीसेवक

माझा जन्म १९४४ चा, नंदाखालकडचा. आजीला सांगा, बसायला फार मिळायचं नाही. निम्मा वेळ गुडघ्यांवरच जायचा आणि आमच्याकडे बाकंही थोडीच होती.

लोक काय करायचे, ते मी वेदीच्या पायरीवरून पाहिलंय. बायका एका बाजूला, डोक्यावर पदर, हातात जपमाळ. मिस्सा आपल्या जागी, जपमाळ आपल्या जागी. म्हातारे पुरुष मागे खांबाला टेकून. तरुण मंडळी दाराबाहेर आंब्याखाली, तिथे पानाचा भाव आणि कुणाच्या विहिरीचा रहाट मोडला याच्या गप्पा. मग आत घंटी वाजली की बाहेरचे झटकन आत येऊन गुडघे टेकणार, जपमाळा थांबणार, सगळ्यांच्या माना खाली. ती घंटी माझ्या हातात असायची. दहा वर्षांच्या पोराच्या मनगटावर सगळं गाव उठतंय-बसतंय, याचा मला भयंकर माज होता.

लॅटिन आम्हाला तरी कुठे कळत होतं! मोठी पोरं संध्याकाळी ओट्यावर बसवून पाठ करून घ्यायची. वहीत देवनागरीत उतरवलेलं. फादर म्हणणार, "इन्त्रोईबो आद आल्तारे देई", की आपण एका दमात, "आद देउम क्वी लेतीफिकात युवेन्तूतेम मेआम". इथपर्यंत सोपं. 'सुशीपियात' हे पुढचं उत्तर आलं की भल्याभल्यांची बोबडी वळायची. सुरुवातीचे दोन शब्द मोठ्यानं, मधलं सगळं तोंडातल्या तोंडात, शेवटचा शब्द पुन्हा मोठ्यानं. फादरनाही ते ठाऊक असणार. वेदीच्या उजवीकडचा तो जाडजूड ग्रंथ चौरंगीसकट उचलून, पायऱ्या उतरून, मध्ये गुडघा टेकून डावीकडे न्यायचा, हे खरं संकट. झग्यात पाय अडकला की संपलंच.

उपासाचं आजी सांगते ते बरोबर आहे. माझं पहिलं कम्युनियन १९५२ चं. सकाळी राखुंडीने दात घासताना चूळ भरायचीसुद्धा भीती, चुकून थेंब पोटात गेला तर? पुढच्याच वर्षी रोमहून नियम आला की पाण्याने उपास मोडत नाही. १९५७ ला उपास तीन तासांवर आला, १९६४ ला एका तासावर. आता तर पोरं रिक्षातून उतरताना वडापाव संपवतात.

ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात मूर्ती जांभळ्या कापडाने झाकलेल्या. गुरुवारपासून घंटा बंद, तिच्या जागी लाकडी खटखटा. आणि हे आजच्या पोरांना खरं वाटत नाही: १९५५ पर्यंत पुनरुत्थानाची मिस्सा शनिवारी सकाळी व्हायची. लखलखीत उन्हात मेणबत्ती पेटवून 'ख्रिस्ताचा प्रकाश' म्हणायचं! १९५६ पासून ती शनिवारच्या रात्री गेली. माझी आजी पुढची कितीतरी वर्षं शनिवारी दुपारी उपास सोडायची. म्हणे, देव उठायची वेळ फादर बदलतात, देव नाही बदलत.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. 'तेव्हा सगळं लॅटिन होतं' असं जे सरसकट म्हणतात ते खरं नाही. लॅटिन होतं ते वेदीपुरतं. वेदीच्या कठड्याबाहेर सगळं आमचंच होतं. मे महिन्यात आळीतल्या क्रूसापुढे रोज संध्याकाळी प्रार्थना. तिथे फादर नसायचेच. एखादी म्हातारी पुढे, बाकीचे तिच्यामागून, आमच्या भाषेत आणि आमच्या चालीवर. पेट्रोमॅक्स कोणी आणायचा, शेवटी चणे-गूळ कोणी वाटायचा, हे घराघरांत वाटून दिलेलं. सणापूर्वीचे नोव्हेना (नऊ दिवसांच्या प्रार्थना) तसेच. घरी दिवेलागणीला जपमाळ तर चुकायचीच नाही. तेव्हा कोणी पाहुणा आला तर त्यालाही गुडघे टेकावे लागत.

साठच्या दशकात मिस्सा मराठीत आली. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली, त्या लॅटिनसाठी मी रडणारा नाही. पण वेदीवर मराठी आली तशी आळीतली प्रार्थना पातळ होत गेली, असं माझं मत आहे. सगळे टीव्हीला दोष देतात. टीव्ही तर आमच्याकडे खूप नंतर आला. मला वाटतं, लोकांनी हिशेब केला की आता चर्चमध्येच सगळं कळतंय, तर क्रूसापुढे वेगळं कशाला?

आणि सगळं गोड नव्हतं. बांधाच्या भांडणापासून लग्नापर्यंत फादरांचा शब्द शेवटचा. निर्मळच्या कार्तिकातल्या जत्रेला जाऊ नका, असं एक फादर दरसाल प्रवचनात बजावायचे. गाव "हो" म्हणायचं आणि जत्रेला जायचं.

उत्तनचा डोल

काका, शुक्रवारचं राहिलं की. शुक्रवारी मटण-चिकन बंद, मासे चालतात. आम्हा कोळ्यांना त्यात त्याग तो काय? आमची आजी शुक्रवारी मुद्दाम पापलेट करायची आणि म्हणायची, देवासाठी एवढं तरी सोसलं पाहिजे.

लाल लुगडं

माजी वेदीसेवकांनी छान लिहिलंय, पण ते पायरीवरून दिसलेलं. आम्ही कठड्याच्या अलीकडे होतो. मुलींना वेदीजवळ प्रवेश फक्त झाडू मारायला आणि फुलं लावायला. वेदीवरची पांढरी कापडं धुऊन, भाताच्या पेजेची खळ घालून, कोळशाच्या इस्त्रीने कडक करायची माझी आई. सुरकुती दिसली तर सिस्टर परत पाठवायच्या. बाळंतपणानंतर चर्चला पहिल्यांदा जाताना दारात मेणबत्ती घेऊन थांबायचं, फादर येऊन आशीर्वाद देऊन आत नेणार. आईला त्यात मान वाटायचा, मला तेव्हाही राग यायचा.

आणि तुमचं ते 'सुशीपियात' मला अजून पूर्ण येतं. खाली बसून ऐकूनच पाठ झालं होतं. वर जाऊन म्हणायची संधी मात्र तोंडातल्या तोंडात पुटपुटणाऱ्यांना!

माजी वेदीसेवक

ताई, मान्य. उत्तर नाही माझ्याकडे.

गिरीजची लेक

सगळ्यांचे आभार. हे सगळं आजीला वाचून दाखवलं, तर एकदम बोलायला लागली. चापटीचं काहीतरी सांगतेय, बिशपांनी मारली म्हणे! आणि पोप मुंबईला आले तेव्हा ती गेली होती. तुमच्यापैकी कोणी होतं का तिथे?

माजी वेदीसेवक

चापट कन्फर्मेशनची, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करायच्या संस्काराची. क्रिज्म, म्हणजे पवित्र तेल, लावून झालं की बिशप गालावर हलकेच एक ठेवायचे, ख्रिस्तासाठी सोसायची तयारी ठेव म्हणून. हलकेच असं मोठे सांगायचे. आम्ही पोरं एकमेकांना आधी मारून सराव करून गेलो होतो. बिशप यायचे म्हणजे केळीचे खांब लावलेली कमान, बँड, आणि आधी महिनाभर प्रश्नोत्तरांची घोकंपट्टी.

पोप सहावे पॉल आले ते २ डिसेंबर १९६४ ला. मुंबईत युखरिस्तिक काँग्रेस, म्हणजे कॅथलिकांचा जागतिक मेळावा, भरली होती, ओव्हल मैदानावर. कार्डिनल ग्रेशियस तेव्हा मुंबईचे आर्चबिशप, आणि आपली वसईही तेव्हा मुंबईच्याच धर्मप्रांतात. वसईहून सगळ्या लोकल भरून चालल्या होत्या. डब्यात भाकऱ्यांची गाठोडी, पाण्याच्या कळशा आणि एकाच वेळी तीन वेगवेगळी भजनं. मी वीस वर्षांचा, उंच, तरी मला दिसलं ते एक पांढरी टोपी आणि हललेला हात. आमची काकू चार फूट आठ इंच. तिला पुढच्या माणसाच्या पाठीशिवाय काहीही दिसलं नाही. पण पोपांच्या अंगठीपासून बुटांपर्यंतचं वर्णन ती पुढे वीस वर्षं करत होती, आणि आळीतले सगळे माझ्यापेक्षा तिच्यावर विश्वास ठेवायचे.