बँकॉकला किमान तीन दिवस द्यावेत
बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर उतरून लगेच फुकेत-क्राबीचे समुद्रकिनारे गाठावेत, बँकॉकमध्ये गर्दीशिवाय काही नाही, हे काहींचे मत मला पटत नाही. १७८२ पासून थायलंडची राजधानी असलेल्या या शहराला किमान तीन दिवस द्यावेत. वाट फ्रा केव मंदिराच्या ओवऱ्यांमधील भिंतींवर रामकियेन, म्हणजे थायी रामायण, १७८ चित्रांत उलगडत जाते आणि तिथला शुभ्र हनुमान (तो ब्रह्मचारीही नाही) पाहताना आपल्या गावच्या शेंदरी मारुतीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. वाट फो येथे ४६ मीटर लांबीच्या पहुडलेल्या बुद्धाच्या पाठीमागे भाविक १०८ पात्रांत एकेक नाणे टाकत पुढे सरकतात. तो किणकिणाट मी बराच वेळ उभा राहून ऐकला. रस्त्यावरच्या कोंडीचाच त्रास होत असेल, तर चाओ फ्राया नदीवरील साध्या प्रवासी बोटीने फिरावे.