पोराला सगळे टीमचा एक्का म्हणतायत, पण खरा एस ओळखायचा कसा?

पिचरचा_बाबा

मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय, इथे बेसबॉल नुसता बघणारे आणि खेळलेले दोन्ही लोक आहेत म्हणून विचारतो. पोरगा 16 चा, अमेरिकेतच वाढलेला, हायस्कूलच्या व्हर्सिटी (मुख्य) टीममध्ये पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, आहे. मी स्वतः कधी बॅट हातात धरलेली नाही, जे काय कळतं ते त्याच्या मॅचेसना बाकड्यावर बसून बसून शिकलेलं, तर कुठे चुकलो तर सांभाळून घ्या.

मागच्या मंगळवारी पठ्ठ्याने सातच्या सात इनिंग टाकल्या, 12 स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटर बाद), एकच रन. शेजारी एक गृहस्थ चेंडूचा वेग मोजायची रेडार गन घेऊन बसलेले, ताशी 86 माइल दाखवत होती. मॅच संपल्यावर कोच सगळ्यांसमोर म्हणाला हा आपला एस, झालं, तेव्हापासून घरात कॉलर टाइट. मग आला शनिवार. पहिल्या दोन इनिंग ठीक गेल्या. तिसरीत पहिल्याच बॅटरला वॉक (चार चेंडू स्ट्राइकच्या बाहेर, बॅटर फुकट बेसवर), पुढचा एकदम साधा ग्राउंडर (जमिनीवरून येणारा चेंडू) शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फील्डर) पायांमधून निघून गेला, आणि आमच्या चिरंजीवांनी माउंडवर उभं राहून दोन्ही हात पसरले आणि त्या बिचाऱ्याकडे असं काही बघितलं की मलाच लाज वाटली. मग खालच्या कोपऱ्यातला एक चांगला कर्व्ह (वळणारा चेंडू) अंपायरने बॉल दिला, म्हणजे स्ट्राइक नाही, त्याच्या पुढचा कर्व्ह वळलाच नाही, कंबरेच्या उंचीवर नुसता लटकत राहिला, डबल (बॅटर थेट दुसऱ्या बेसवर). मग आणखी दोन वॉक, एकूण पाच रन. चौथीत बाहेर काढला तर डगआउटमध्ये जाऊन ग्लोव्ह आपटला. (गनवाले गृहस्थ म्हणाले आज 81-82 च येतोय, मी म्हटलं असेल.)

कोच मला बाजूला घेऊन म्हणाला हात सोन्याचा आहे, डोकं कच्चं आहे. तर मुळात खरा एस म्हणतात तो कशावर ठरतो? वेग? स्ट्राइकआउट? की हे डोकं डोकं म्हणतात ते? आणि ते 16 व्या वर्षी दिसतं का?

माजी_कॅचर

बाबा, मी चार वर्षं कॉलेजात कॅचर (पिचरचा चेंडू पकडणारा) होतो, गुडघे त्यातच गेले पण पिचर लोकांचे स्वभाव तोंडपाठ झाले, त्यामुळे लिहितो जरा लांबलचक.

आमच्याकडे दोन स्टार्टर (मॅच सुरू करणारे पिचर) होते. एकाचा फास्टबॉल 93, दुसऱ्याचा 88, तोही वारा पाठीमागून असेल तर. 93 वाल्याचा दिवस असला की समोरच्याला बॅट लावता यायची नाही, बघायला मजा. पण दिवस नसला की तो तोच फास्टबॉल आणखी जोरात टाकायचा, मग आणखी जोरात, आणि मी धावत बॅकस्टॉपकडे (मागच्या जाळीकडे). 88 वाल्याची एक मॅच सांगतो. बुलपेनमध्ये (पिचर सराव करतात तिथे) वॉर्मअप चाललेला, त्याने आठ-दहा कर्व्ह टाकले, एकूण एक मातीत. कर्व्ह हे त्याचं मुख्य हत्यार. मी गप्प, म्हटलं आज काही खरं नाही. तो टॉवेलने हात पुसत आला आणि म्हणाला, "आज कर्व्ह फक्त दाखवायला, आउट चेंजअपवर काढू." (चेंजअप म्हणजे फास्टबॉलसारखाच दिसणारा पण हळू येणारा चेंडू.) बस एवढंच. सहा इनिंग टाकल्या, चार वॉक, कायम बेसवर कोणी ना कोणी, दोनदा डबल प्लेवर (एकाच फटक्यावर दोन आउट) सुटला, दोन रन. स्कोअरबुकात ती मॅच कोणाच्या नजरेतही भरणार नाही. माझ्या लेखी आमचा एस तोच, कारण पाचातली एखादी मॅच अशी असते की सगळं हातातून सुटसुटीत निघतं, ती कोणीही जिंकतो, उरलेल्या चार मॅचला जे आज आहे त्यावर संसार करावा लागतो.

अजून एक. बॅटर तिसऱ्यांदा समोर येतो तेव्हा बघा. पहिल्या फेरीत पोरं 86 बघून बिचकतात, तिसऱ्या फेरीपर्यंत त्यांचं टायमिंग लागलेलं असतं. चांगला पिचर पहिल्या फेरीत एखादी गोष्ट मुद्दाम झाकून ठेवतो. आणि 2-0 काउंट (दोन बॉल, एकही स्ट्राइक नाही) असताना, सगळं ग्राउंड फास्टबॉलची वाट बघतंय तेव्हा जो चेंजअप स्ट्राइकमध्ये टाकतो त्याच्या मागे बसायला कॅचरला झोप चांगली लागते.

कोफॅक्सचं उदाहरण आम्हा कॅचर लोकांचं लाडकं आहे. डॉजर्सचा पिचर सँडी कोफॅक्स, त्याचा पहिल्या सहा सीझनचा विजय-पराभवाचा रेकॉर्ड 36-40. हात देवाने दिलेला, पण चेंडू कुठे जाईल ते देवालाच ठाऊक. 1961 च्या स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये त्याचा कॅचर नॉर्म शेरी त्याला म्हणाला, एवढा जोर लावू नकोस, सैल टाक. पुढच्या सहा सीझनला 129-47 आणि तीन साय यंग (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार), तेही दोन्ही लीग मिळून एकच साय यंग द्यायचे त्या काळात. वेग फारसा कमी झालाच नाही, वॉक मात्र कमी झाले.

बाकी ते हात पसरणं. त्याच शॉर्टस्टॉपकडे पुढच्या इनिंगला परत ग्राउंडर जाणार असतो हो. आमचा 88 वाला एरर झाली की ग्लोव्हने त्याच पोराकडे बोट करायचा, म्हणजे पुढचापण तुझ्याकडेच पाठवतो. पोराला हे एवढं नक्की शिकवा.

आकडेबहाद्दर

वरचं सगळं छान पण "डोकं" वगैरे फार हवेतलं होतं म्हणून थोडं मोजता येण्यासारखं सांगतो.

विन-लॉस आधी फेकून द्या. 2025 मध्ये पायरेट्सच्या पॉल स्किन्सचा रेकॉर्ड 10-10 होता आणि एकमताने साय यंग मिळाला, कारण ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडणारे रन) 1.97, टीमच रन काढत नव्हती त्याला तो काय करणार. 2018 ला मेट्सच्या डीग्रॉमचं तेच, 10-9 आणि ईआरए 1.70. शिवाय स्किन्स 2023 च्या ड्राफ्टला (टीम नवे खेळाडू निवडतात तो) पहिला निवडलेला पोरगा, 2024 च्या मे महिन्यात पदार्पण आणि जुलैत ऑल-स्टार गेमचा स्टार्टर. असे अपवादच, त्याच्याकडे बघून घरच्या पोराला मोजू नका.

तरुण पिचरचं मी सगळ्यात आधी वॉक बघतो. स्ट्राइकआउट हायस्कूलमध्ये फसवे असतात, 86 चा फास्टबॉल तिथे अर्ध्या बॅटरना झेपत नाही, वरच्या लेव्हलला तोच चेंडू आरामात मारतात. डॉजर्सच्या क्लेटन करशॉचे 2009 चे आकडे काढा, वय 21, 171 इनिंगमध्ये 91 वॉक. ईआरए 2.79 म्हणजे चांगलाच होता, पण पाचव्या-सहाव्या इनिंगलाच चेंडूंचा कोटा संपायचा. 2011 ला 233 इनिंग आणि वॉक फक्त 54, पहिला साय यंग. मधल्या दोन वर्षांत स्लायडर (वेगाने येऊन बाजूला वळणारा चेंडू) पक्का झाला आणि मागे पडलेल्या काउंटमध्ये टाकायला फास्टबॉलशिवाय काहीतरी आलं. म्हणजे कॅचरसाहेब जे म्हणतायत तेच, मी फक्त आकड्यात सांगितलं.

आणि 16 व्या वर्षी दिसतं का? मला नाही वाटत. ग्रेग मॅडक्स 1987 ला, वय 21, 6-14 होता, ईआरए 5.61. पुढच्याच वर्षी 18-8. नंतर 1992 पासून ओळीने चार साय यंग.

एक्स्ट्रा_इनिंग

एवढं पुराण कशाला. एस म्हणजे जो कोचकडे जाऊन बॉल मागून घेतो. संपला विषय. शनिवारी पाच रन गेल्यावर पोरगा अजून एक इनिंग मागत होता की सुटलो म्हणून बसला, एवढंच सांगा.

फिजिओगिरी

थांबा जरा. बाबा, मंगळवारी सात इनिंग म्हणालात ना, तर चेंडू किती टाकले? आणि शनिवारी? स्कोअरबुक असेल तर बघून सांगा.

पिचरचा_बाबा

@एक्स्ट्रा_इनिंग, मागत होता. म्हणूनच ग्लोव्ह आपटला बहुतेक.

@फिजिओगिरी, बघितलं, मंगळवारी 104, शनिवारी 68. मी कोचला तेव्हाच विचारलं होतं, तो म्हणाला स्टेटच्या नियमात बसतं.

फिजिओगिरी

मला तीच शंका होती. नियमात बसत असेलही, 2017 पासून हायस्कूलला चेंडू मोजूनच मर्यादा ठेवावी लागते पण आकडे प्रत्येक स्टेट आपापले ठरवतं. एमएलबी (मेजर लीग) आणि यूएसए बेसबॉलचं पिच स्मार्ट म्हणून जे आहे त्यात 15-16 वयाला दिवसाला जास्तीत जास्त 95, आणि 75 च्या वर गेलं की चार पूर्ण दिवस विश्रांती. तुमच्या मुलाने 104 टाकले आणि मंगळवार ते शनिवार म्हणजे मधे बुध, गुरु, शुक्र. तीनच दिवस.

आता तुमची पहिली पोस्ट परत वाचा. गन 86 वरून 81-82. कर्व्ह वळला नाही, लटकला. तीन वॉक. थकलेल्या पिचरचा चेंडू असाच दिसतो, वेग उतरतो, कोपर खाली येतं, हात चेंडूच्या वर राहत नाही मग कर्व्ह खाली पडणार कसा. सगळे इथे पोराच्या डोक्यावर चर्चा करतायत आणि मला वाटतं त्या दिवशी डोकं बऱ्यापैकी ठीक होतं. हात पसरले ते चूकच, ग्लोव्हही चूक, पण आपला चेंडू आपलं ऐकत नाहीये आणि का ते कळत नाहीये, अशा वेळी 16 वर्षांचं कोणतंही पोर चिडेल.

एस एस करून हात घालवल्याची उदाहरणं काय कमी आहेत का. शिकागो कब्जचा पिचर मार्क प्रायर, 2003 ला 18-6, 245 स्ट्राइकआउट, 23 वा वाढदिवस त्याच सप्टेंबरात, आणि त्या महिन्यात मॅचमागून मॅच 120-130 चेंडू. मेजर लीगमधली शेवटची मॅच 2006, वय 25. सगळं त्या चेंडूंमुळेच झालं असं मी म्हणणार नाही, 2005 ला बॅटवरून आलेला एक चेंडू थेट त्याच्या कोपरावर बसला होता, पण तो सप्टेंबर बघून आजही पोटात गोळा येतो.

एक्स्ट्रा_इनिंग

मग डॉजर्सच्या यामामोटोचं काय? 2025 ची वर्ल्ड सिरीज, सहाव्या गेमला 96 चेंडू आणि दुसऱ्याच दिवशी सातव्या गेमला परत येऊन पावणेतीन इनिंग आणि कप. तिथे कोणी विश्रांती मोजत बसलं असतं तर?

फिजिओगिरी

तो 27 चा होता, त्याच्यामागे ट्रेनर लोकांची फौज आहे, आणि ती वर्षातली शेवटची मॅच होती, त्यानंतर अख्खा हिवाळा सुट्टी. ही एप्रिलमधली शनिवारची हायस्कूल मॅच होती हो. (आणि पावणेतीन नाही, दोन इनिंग दोन आउट.)

आकडेबहाद्दर

ही दुरुस्ती माझ्याकडून यायला हवी होती, लाज वाटली.

बाकी फिजिओगिरी ताईंशी सहमत. टायगर्सचा स्कुबल बघा, 2024 आणि 2025 सलग दोन साय यंग, पण कॉलेजात असतानाच टॉमी जॉन (कोपराची) सर्जरी झालेली, म्हणून ड्राफ्टमध्ये नवव्या राउंडपर्यंत खाली गेला, 2022 ला परत हाताची सर्जरी. तो परत आला म्हणून आपण नाव घेतो. जे आले नाहीत त्यांची नावं आपल्याला माहीतच नाहीत.

माजी_कॅचर

ताई, मान्य. गन उतरली हे वाचलं होतं मी आणि तरी पुढे गेलो, कॅचर असून. खरं तर हे सगळ्यात आधी कॅचरला कळतं, ग्लोव्हमधला आवाजच बदलतो, टप्प करून न येता धप्प करून येतो. त्यांच्या कॅचर पोराला विचारा, तो सांगेल कितव्या इनिंगला बदलला ते.

पिचरचा_बाबा

दोन दिवस उत्तर दिलं नाही, माफ करा. काल रात्री पोराशी निवांत बोललो. कोपर दुखत नाहीये म्हणाला, खांदा पण नाही, पण शुक्रवारीच हात जड वाटत होता. म्हटलं मग सांगितलं का नाहीस, तर म्हणतो, "बाबा, एस म्हटल्यावर असं सांगतात का?" मी काय बोलणार, मंगळवारी रात्री मीच तर दहा नातेवाइकांना व्हिडिओ पाठवलेले.

कॅचरला पण विचारायला लावलं. तो म्हणाला दुसऱ्या इनिंगपासूनच चेंडू मऊ येत होता, पण हा रागावेल म्हणून बोललो नाही.

कोचला भेटून आलो. भांडण नाही केलं, फक्त स्कोअरबुक आणि ते पिच स्मार्टचं पान समोर ठेवलं. या मंगळवारी परत देणार होता, दोनच दिवसांच्या विश्रांतीवर, ते रद्द झालं, आता गुरुवारी, 75 च्या वर नाही. शॉर्टस्टॉपला पोराने आपणहून मेसेज केला, काय लिहिलं ते दाखवलं नाही पण समोरून हसायचे दोन इमोजी आले एवढं दिसलं.

आता @माजी_कॅचर, तुमच्या 88 वाल्याचा तो चेंजअप. आमच्याकडे फास्टबॉल आणि कर्व्ह दोनच आहेत. कसा धरायचा हो?

माजी_कॅचर

अंगठा आणि पहिलं बोट यांचा गोल करा, चेंडूच्या बाजूला, उरलेली तीन बोटं वरून. चेंडू तळहाताकडे थोडा आत बसू दे, गच्च आवळायचा नाही. आणि हात फास्टबॉलच्याच वेगाने आला पाहिजे, पोरं इथेच चुकतात, चेंडू हळू जावा म्हणून हातच हळू करतात आणि बॅटरला लगेच कळतं. सुरुवातीला महिनाभर बहुतेक चेंडू मातीत नाहीतर बॅटरच्या डोक्यावरून जातील, मॅचमध्ये लगेच टाकू देऊ नका. आधी नुसतं कॅच खेळताना टाकायला सांगा, 40-50 फुटांवरून, दिवसाला पंधरा-वीस. आणि तेही मोजा, नाहीतर ताई मला सोडणार नाहीत.