नागली पापड: माल खपतो, पण हातात काही उरत नाही

सिडकोची_सुगरण
आमचा नऊ जणींचा बचत गट आहे. नागली (नाचणी) नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याकडची. दुकानांना पापड २४० रुपये किलोने देतो, माल शिल्लक राहत नाही, तरी महिनाअखेर वाटायला पैसे नसतात. दुकानदार दोन-दोन महिने बिल थकवतात. कर्ज काढून मशीन घ्यावं का?

रोजमेळ
ताई, मशीन नंतर. आधी एका किलोचा खर्च मांडा. समजा पीठ ६०, पापडखार-मीठ-जिरं-हिंग २०, गॅस १५, पाव किलोच्या चार पिशव्या आणि लेबलं २०, वाहतूक १०. झाले १२५. बहुतेक गट इथेच थांबतात आणि ११५ रुपये सुटले असं समजतात.

उकड काढणं, मळणं, लाटणं, वाळवणं, भरणं, सगळं मिळून किलोला अडीच तास धरा. ताशी ६० रुपयांनी १५० होतात. एकूण २७५, मोडतोड पाच टक्के धरून साधारण २९०. म्हणजे किलोमागे ५० रुपये तुम्ही पदरचे घालताय. ते तुमच्याच मजुरीतून जातात, म्हणून वहीत दिसत नाहीत.

गटाचा नफा ६० धरला की दुकानाला द्यायचा भाव ३५०. दुकानदाराच्या नफ्याचे २५ टक्के छापील किमतीवर असतात, त्यामुळे ३५० वर २५ टक्के चढवू नका, ०.७५ ने भागा: ४६७. पाव किलोचं पाकीट १२० रुपये. मजुरी दर आठवड्याला वाटा, नफा तीन महिन्यांनी. या दोन रकमा एकत्र केल्या की गटात कुरबुर सुरू होते.

गोदाकाठ
उधारीबद्दल. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करा, ती मोफत आहे. व्यवसाय तुम्ही चालवता, तर नोंदणी आणि बँक खातंही तुमच्याच नावावर हवं, घरच्या पुरुषाच्या नाही. २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्यानुसार लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. तक्रार सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर होते, मात्र नोंदणी माल देण्याआधीची हवी. बिलावर उद्यम क्रमांक छापा.

तरी रोजच्या व्यवहारात खरा उपयोग एकाच नियमाचा: पहिलं बिल मिटल्याशिवाय तिसरी खेप नाही. नऊ जणींनी ठरवून पाळा. एकीने ओळखीखातर सवलत दिली की बाकीचे दुकानदारही तेच मागतात.

सिडकोची_सुगरण
पटलं. पावसाळ्यात पाकिटात बुरशी येते, तीही तोट्यातच जाते ना?

रोजमेळ
हो, आणि दुकानही जातं. पापड बोटांनी वाकला तर आत ओल आहे, तो तडकन मोडायला हवा. उन्हातून काढून गरम गरमच भरला की पिशवीला आतून घाम सुटतो. सावलीत पूर्ण गार करून मगच सील करा.

मशीनचं म्हणाल तर मला आधी ड्रायर महत्त्वाचा वाटतो, कारण जून ते सप्टेंबर तुमचं काम उन्हाअभावी अडतं. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान असतं, स्वतःचे निदान १० टक्के घालावे लागतात. अर्ज सध्या घेतात का, ते कृषी कार्यालयात विचारा. अनुदान हातात मिळत नाही, कर्जखात्यात अडकून राहतं आणि तीन वर्षं हप्ते नीट गेले तरच वळतं होतं. म्हणून नव्या भावाने निदान तीन महिने विक्री करून बघा, हप्ता त्या आकड्यांवरून ठरवा.