मदत हवी आहे: अर्धांगवायू झालेल्या मावशीसाठी परवडणारा वृद्धाश्रम (रायगड / ठाणे / पुणे)

अलिबागची_भाची

नमस्कार मंडळी, पोस्ट लांब होणार आहे पण अर्धी माहिती दिली तर उत्तरंही अर्धीच मिळतात म्हणून सगळं एकदाच लिहिते.

माझी मावशी, आईची धाकटी बहीण, वय ७६, लग्न केलं नाही. मुंबईत एका औषध कंपनीत पॅकिंगला होती, कंपनी बंद पडल्यावर अलिबागजवळ गावी भाड्याच्या खोलीत राहायला गेली. आम्ही बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, रायगडातल्या जुन्या माणसांना शनवार तेली म्हटलं की लगेच कळतं. मावशीचा एक भाऊ इस्रायलमध्ये दिमोनाला असतो, तो स्वतःच ऐंशीच्या पुढे आहे. थोरला मामा गावीच होता, तो वारला. माझी आई पण नाही. म्हणजे इथे तिचं बघणारी मीच.

पावसाळ्यात तिला अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली. बोलताना थोडी अडखळते पण समजतं सगळं, डोकं एकदम शाबूत आहे. डाव्या हाताने जेवते, पेपर वाचते. पण अंघोळ, संडास, कपडे, पलंगावरून उठणं याला दुसऱ्याचा हात लागतोच. सध्या माझ्याकडे ठाण्यात आहे. वन बीएचके, सासूबाईही अंथरुणावर, नवऱ्याची शिफ्ट ड्यूटी, मी कामाला जाते. दिवसाची बाई ठेवलीय, तिचा पगार भागवता भागवता नाकी नऊ येतात आणि रात्री दोघींना मी एकटीच बघते, हे फार दिवस निभणार नाही हे मला दिसतंय.

पैशाचं सांगते. मावशीला ईपीएसचं, म्हणजे पीएफवाल्यांचं, पेन्शन महिना १,८५० रुपये. श्रावणबाळ योजनेचा अर्ज केला होता तो नामंजूर झाला, कारण उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० आणि हिचे होतात २२,२००. बाराशे रुपये जास्त म्हणून महिन्याचे पंधराशे गेले, आणि या दोन्ही आकड्यांत माणूस जगत नाही हे सगळ्यांनाच माहीत आहे. मी सात-आठ हजार घालू शकते, दिमोनाचा मामेभाऊ थोडे पाठवतो. सगळं ओढूनताणून महिना १२,००० पर्यंत जमेल, त्यावर नाही.

आता खरी अडचण. ट्रस्टचे, कमी पैशांचे किंवा फुकट वृद्धाश्रम जेवढे विचारले तिथे पहिला प्रश्न एकच, "पेशंट चालताफिरता आहे ना?" नाही म्हटलं की बोलणं तिथेच संपतं. आणि जे अंथरुणावरचे पेशंट घेतात ते २५,००० च्या पुढे, वर डिपॉझिट, वर डायपर आणि औषधं आपली. म्हणजे ज्याला आधाराची सगळ्यात जास्त गरज आहे आणि पैसे नाहीत त्याला जागाच नाही?

आणखी एक, हे लिहू की नको असं झालं होतं पण लिहिते. तिला शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचा, म्हणजे आमच्या शनिवारच्या पवित्र दिवसाचा, दिवा आणि प्रार्थना हवी असते. मटण आम्ही कोशेर, म्हणजे आमच्या ज्यू रीतीने कापलेलंच खातो, शिवाय मांस आणि दूध एकत्र चालत नाही, त्यामुळे बाहेर ती शाकाहारीच जेवते, तेवढं मिळालं तरी बास. आणि तिची सगळ्यात मोठी काळजी ही की मेल्यावर कोणी जाळू नये, आपल्या कब्रस्तानात दफन व्हावं. हे ती मला रोज सांगते.

ठाणे, रायगड, पुणे, कुठेही चालेल, महिन्यातून दोनदा तरी मला जाता आलं पाहिजे. कोणाला माहिती असेल तर प्लीज सांगा.

निळाई

ताई, वाचून वाईट वाटलं. महाराष्ट्रात ज्यू समाजाला २०१६ मध्ये अल्पसंख्याक दर्जा मिळालाय ना? मग अल्पसंख्याक विकास विभागाकडून काही मिळेल का? आम्ही बौद्ध, माझ्या भावाला तिथूनच शिक्षणासाठी मदत झाली होती म्हणून विचारलं.

माजी_अव्वल_कारकून

निळाई, तिकडचा भर शिक्षणावर आहे, शिष्यवृत्ती, शैक्षणिक कर्ज, वसतिगृहं. म्हाताऱ्या माणसाचं काम सामाजिक न्याय विभागाकडे येतं आणि तिथे वय आणि उत्पन्न बघतात, धर्म नाही. त्यामुळे ताई तुम्ही तिकडे वेळ घालवू नका, जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, समाज कल्याण यांच्याकडे जा. मी तहसीलला बरीच वर्षं संजय गांधी निराधार योजनेच्या शाखेत काढली म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

केंद्राची अटल वयो अभ्युदय योजना आहे, तिच्याखाली संस्थांना अनुदान मिळतं. त्यात निराधार ज्येष्ठांसाठी साधे वृद्धाश्रम आहेत आणि वेगळा एक प्रकार आहे, सतत शुश्रूषा लागणाऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या ज्येष्ठांसाठीची घरं. लोक नुसतं "वृद्धाश्रमांची यादी द्या" म्हणतात आणि चालत्याफिरत्यांची यादी घेऊन घरी येतात. तुम्ही अर्जातच लिहा की सतत शुश्रूषेची जागा हवी आहे, आणि लगतच्या जिल्ह्यांतली यादीही मागा. लेखी द्या, पोच घ्या. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, सकाळी ८ ते रात्री ८, फोन मोफत, तिथेही हेच शब्द वापरा.

दुसरं, अपंगत्वाचा दाखला काढलाय का? उजवी बाजू गेली म्हणजे टक्केवारी ४० च्या वर जाण्याची शक्यता बरीच आहे. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, झालं की ग्रामपंचायत, नगरपरिषद, महापालिका यांना स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करावे लागतात त्यातून मागता येतं. व्हीलचेअर, एअर बेड, कमोड खुर्ची, जे लागतं ते नाव घालून मागा.

तिसरं जरा नाजूक आहे. गावात तिच्या नावावर काही आहे का? घर, वाडी, सातबाऱ्यावर नाव?

अलिबागची_भाची

काका, खूप आभार. दाखला काढलेला नाही, हे कोणी सांगितलंच नव्हतं.

गावात घर आणि नारळ-सुपारीची छोटी वाडी आहे, सातबाऱ्यावर मामांबरोबर मावशीचंही नाव आहे. थोरल्या मामाचा मुलगा तिथे राहतो, वाडीचं उत्पन्न तोच घेतो. झटका आल्यापासून एकदा बघून गेला, पैशाचं काही बोलला नाही. पण भांडण नको वाटतं हो, तोच एक गावात उरलाय आणि सिनेगॉगचं, आमच्या प्रार्थनास्थळाचं, पण तोच बघतो.

माजी_अव्वल_कारकून

भांडण नकोच. पण कायदा माहीत असू द्या. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ कायदा २००७ चा आहे, तो फक्त मुलांसाठी नाही. ज्याला मूलबाळ नाही असा ज्येष्ठ त्याच्या अशा वारसाकडे निर्वाह मागू शकतो ज्याच्या ताब्यात त्याची मिळकत आहे किंवा पुढे मिळणार आहे. तुमचा मामेभाऊ त्यात बसतो. ज्यूंना भारतीय वारसा कायदा १९२५ लागतो, त्यात बहीणभाऊ आणि वारलेल्या बहीणभावाची मुलं येतात, म्हणजे तुम्हीही वारस आहात, हे आधीच लक्षात ठेवा, सुनावणीत विचारतील.

अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे, तेच न्यायाधिकरण. वकील लागत नाही. महिना जास्तीत जास्त १०,००० पर्यंत आदेश होतो, ९० दिवसांत निकाल द्यायचा असं कायद्यात आहे, अंतरिम रक्कमही मागता येते. आणि आधी समेट अधिकाऱ्याकडे पाठवायची सोय आहे, तुमच्यासाठी तेच बरं. खूपदा नोटीस जायचीही गरज पडत नाही, नातेवाइकाला नीट सांगितलं की वाडीच्या उत्पन्नातून महिना तीन-चार हजार मावशीच्या खात्यावर टाक, तर माणूस कबूल होतो. ते तिचे हक्काचे आहेत, उपकार नाहीत. मावशीलाच बोलू द्या, तिचं डोकं शाबूत आहे म्हणता ना.

वसईवाला

आम्ही ख्रिस्ती, माझ्या आत्याच्या वेळी आम्हीही हाच "चालताफिरता" प्रश्न ऐकून थकलो होतो. सिस्टर लोकांच्या संस्थांमध्ये विचारा. लिटिल सिस्टर्स ऑफ द पुअर आहेत, त्यांचं कामच गरीब वृद्धांसाठी आहे, धर्म बघत नाहीत, देणग्यांवर चालवतात आणि एकदा घेतलं की शेवटपर्यंत सांभाळतात. पण जागा मिळायला थांबावं लागतं, म्हणून आजच नाव नोंदवा.

आणि दफनाचं ताई तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. कुठेही अ‍ॅडमिशन घेताना फॉर्म ओळ न ओळ वाचा. काही ठिकाणी कलम असतं की नातेवाईक ठरावीक वेळेत आले नाहीत तर संस्था अंत्यविधी करेल. तिथे पेनाने लिहायला लावा, दहन करू नये, ज्यू पद्धतीने दफन, या या नंबरांवर कळवा, आणि त्यात तुमचा एक, सिनेगॉगचा एक असे दोन तरी नंबर द्या. मावशीची सही किंवा डाव्या अंगठ्याचा ठसा घ्या. कागद दाखवलात की तिचीही धाकधूक कमी होईल.

फिजिओ_पुणे

ताई, मी न्यूरो फिजिओथेरपिस्ट आहे. झटका पावसाळ्यात आला म्हणजे अजून फार महिने झालेले नाहीत. पक्षाघातात सुधारणा होते ती बहुतेक पहिल्या तीन ते सहा महिन्यांत, नंतरही होते पण हळू. हा काळ तुम्ही वृद्धाश्रम शोधण्यात घालवताय, व्यायाम चालू आहेत का?

वृद्धाश्रमवाले "चालताफिरता" म्हणतात तेव्हा पेशंटने जिने चढावेत अशी त्यांची अपेक्षा नसते. त्यांचा हिशोब हाताखालच्या माणसांचा असतो, एका मावशीबाईने एका पेशंटला पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीवरून कमोडवर नेता येतं का. दोन माणसं लागत असतील तर नाही म्हणतात. तुमच्या मावशीचा डावा पाय चांगला आहे, डोकं शाबूत आहे, एका माणसाच्या आधाराने बसती-उठती व्हायला बऱ्यापैकी वाव वाटतो, अर्थात बघितल्याशिवाय खात्रीने नाही सांगणार. ते जमलं तर तुमच्या १२,००० त नाही म्हणणाऱ्यांतले काहीजण हो म्हणतील.

धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत असतात, वर्षाचं उत्पन्न १,८०,००० पर्यंत चालतं. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा, फिजिओची ओपीडी विचारा. ७० च्या वर वय आहे म्हणून आयुष्मान वय वंदना कार्डही काढा, उत्पन्नाची अट नाही, पाच लाखांपर्यंत अ‍ॅडमिशनचा खर्च. वृद्धाश्रमाचे पैसे त्यातून मिळत नाहीत, पण पुन्हा दवाखान्यात ठेवायची वेळ आली तर तुम्ही बुडणार नाही. तोवर दर दोन तासांनी कूस बदला, टाचा आणि माकडहाड रोज बघा. एकदा बेडसोर झाला की कमी पैशांची उरलीसुरली दारंही बंद होतात.

सागर_किनारा

इस्रायलला का नाही पाठवत? तिथे तर ज्यूंना हक्काने नागरिकत्व मिळतं, सगळी सोय सरकार करतं.

अलिबागची_भाची

सागर, १९५० च्या कायद्याने हक्क आहे, खरं आहे. पण ती ७६ ची, हिब्रू फक्त प्रार्थनेपुरती येते, या अवस्थेत विमानात बसवून जिथे बाईला पाणी माग म्हटलं तरी शब्द नाही अशा ठिकाणी कसं पाठवू? आणि तिला जायचं नाहीये. तेव्हा सगळे गेले तेव्हाही ती गेली नाही.

भायखळा_टू_ठाणे

शालोम ताई, आपल्यातलीच आहे मी. जेडीसी या ज्यू मदतसंस्थेकडे कळवलंस का? मुंबईत गरजू ज्यू ज्येष्ठांना ते बरीच वर्षं मदत करतायत. आश्रमाची पूर्ण फी देतील असं नाही, पण मधला जो फरक पडतो ना त्यासाठी विचारायला काय हरकत आहे. ठाण्याच्या सिनेगॉगच्या कमिटीलाही सांगून ठेव, दफनाचं त्यांच्याकडून लेखी घे. आणि दिव्याचं म्हणशील तर, माझ्या आजीच्या खोलीत ऑक्सिजन असायचा म्हणून ज्योत लावू देत नव्हते, आम्ही बॅटरीचा छोटा दिवा ठेवला, प्रार्थना फोनवर लावायचो, शुक्रवारी सूर्य मावळायच्या आधी. आजी खूश असायची. ठाण्यातच कुठे मिळालं तर शुक्रवारी मी जाऊन बसेन तिच्याजवळ, खरंच.

अलिबागची_भाची

सगळ्यांचे मनापासून आभार, वाचताना दोनदा थांबावं लागलं. भायखळा ताई, व्यक्तिगत निरोप केलाय.

मावशीला सगळं वाचून दाखवलं. गावातल्या मामेभावाला ती स्वतः फोन करणार म्हणाली, "मी मागते, तू मध्ये पडू नकोस." दाखल्यासाठी सोमवारी सिव्हिलला जातोय, समाज कल्याणचा अर्ज काकांनी सांगितलेल्या शब्दांत लिहून ठेवलाय. व्यायाम घरी फक्त हाताचे चालू होते, पायाचे आणि बसायचे नाहीत, ते आता शिकून घेते.

एक राहिलंच. पनवेल, पेण, अलिबाग या पट्ट्यात एका माणसाच्या आधाराने उठणाऱ्या बाईला घेणारी, शाकाहारी स्वयंपाक असणारी जागा कोणी स्वतः जाऊन बघितलेली असेल तर कळवा. जाहिरातीतली नको, बघितलेलीच. रात्री ड्यूटीवर किती बायका असतात तेवढंही सांगितलंत तरी चालेल.