बाळाच्या खोलीतील विनाइल फ्लोअरिंग: वास गेल्यावर काळजी मिटते का?

पनवेलकर (प्रश्न)
नमस्कार. गेल्या महिन्यात आम्ही मुलीच्या खोलीत जुन्या लाद्यांवर विनाइल फ्लोअरिंग चिकटवून घेतले आणि त्याच सुमारास रेक्झिनचा सोफाही आणला. सुरुवातीला खोलीत शिरताच उग्र वास येत असे. आता तो जवळजवळ गेला असून, वास गेला म्हणजे जे निघायचे होते ते निघून गेले, असे दुकानदार सांगतो. मुलगी दहा महिन्यांची आहे. दिवसभर त्याच जमिनीवर रांगते आणि हात तोंडात घालते. पावसामुळे खिडक्याही बऱ्याचदा बंद असतात. दुकानदाराचे म्हणणे कितपत खरे मानावे? सगळे उखडून टाकावे का?

रसायन_सांगली
दुकानदाराचे म्हणणे अर्धेच खरे आहे. येणारा वास मुख्यतः गोंदातील आणि छपाईच्या शाईतील सहज उडून जाणाऱ्या द्रावकांचा असतो, व हवा खेळती ठेवल्यास तो काही आठवड्यांत ओसरतो. विनाइल म्हणजे पीव्हीसी हे प्लास्टिक मात्र मुळात कडक असते. ते मऊ करण्यासाठी पुष्कळदा थॅलेट गटातील तेलकट द्रव्ये मिसळतात, आणि ही द्रव्ये पीव्हीसीच्या रेणूंना रासायनिक बंधाने जोडलेली नसल्यामुळे वर्षानुवर्षे मंद गतीने बाहेर पडत राहतात. त्यांना जवळपास वासच नसतो. ती घरातल्या धुळीवर बसतात आणि रांगणारे मूल नेमकी तीच धूळ हातावाटे पोटात घेते.

स्वीडनमधील सुमारे ४०० मुलांच्या शयनगृहांतील धुळीचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. धुळीतील डीईएचपी या थॅलेटच्या अधिक प्रमाणाशी दम्याचा, तर बीबीपी या दुसऱ्या थॅलेटच्या अधिक प्रमाणाशी नाकाच्या ॲलर्जीचा व इसबाचा संबंध त्यात आढळला. थॅलेटमुळेच हे आजार होतात असे यावरून सिद्ध होत नाही. तरीही प्राण्यांवरील प्रयोगांत नर पिल्लांच्या जननेंद्रियांच्या वाढीवर या द्रव्यांचे दुष्परिणाम स्पष्ट दिसले आहेत, आणि युरोपीय संघाने जुलै २०२० पासून घरगुती वापराच्या बहुतेक वस्तूंमध्ये अशा चार थॅलेटांवर ०.१ टक्क्याची मर्यादा घातली आहे. म्हणून घाबरून जाऊ नये, पण दुर्लक्षही करू नये, असे माझे मत आहे.

कोरडा केर काढल्याने धूळ उडते, त्यामुळे रोज ओल्या फडक्याने जमीन पुसावी आणि मुलीचे हात खाण्यापूर्वी साबणाने धुवावेत. पाऊस थांबताच समोरासमोरच्या खिडक्या थोडा वेळ उघडाव्यात. उष्णतेने ही द्रव्ये अधिक सुटतात, म्हणून फ्लोअरिंगवर थेट ऊन पडत असल्यास दुपारी पडदा ओढून घ्यावा.

फ्लोअरिंग_नाशिक
मी हेच काम करतो, म्हणून ओलीचा मुद्दा जोडतो. काँक्रीट अल्कधर्मी असते. त्यातील ओल विनाइलखाली कोंडली की गोंदाचे आणि डीईएचपीचे विघटन होऊन इथाइल-हेक्झॅनॉल नावाचा अल्कोहोल तयार होतो. त्याला गोडसर, डोके जड करणारा वास येतो. आपल्याकडे तळमजल्यावर किंवा न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीपाशी हा धोका अधिक. गेलेला वास पावसाळ्यात परत आला, तर एखाद्या कोपऱ्यातील पट्टी उचलून पाहावी. खाली ओल किंवा बुरशी असल्यास उखडण्यावाचून इलाज नाही. कोरडे असल्यास मी घाई करणार नाही.

पनवेलकर
दोघांचेही मनापासून आभार. आम्ही तळमजल्यावरच राहतो, त्यामुळे उद्याच कोपरा उचलून पाहते. तोवर वर फोमच्या जोड-चटया अंथरल्या तर चालेल का? सोफ्याचे काय करावे?

रसायन_सांगली
ताई, त्या चटया कृपया टाळा. अशा ईव्हीए (एक मऊ प्लास्टिक) फोमच्या चटयांमधून फॉर्मामाइड हे हानिकारक रसायन निघते म्हणून बेल्जियमने २०१० मध्ये त्या बाजारातून काढायला लावल्या होत्या. त्याऐवजी जाड सुती सतरंजी अंथरावी आणि ती वरचेवर धुवावी; विनाइल आणि मुलीचे हात यांच्यामध्ये तेवढा आडोसा पुरेसा उपयोगी ठरतो. रेक्झिनही बहुधा कापडावर चढवलेले मऊ पीव्हीसीच असते, तेव्हा सोफ्यावर सुती खोळ घालावी आणि मुलगी त्याची कड चघळणार नाही एवढे पाहावे.

फ्लोअरिंग_नाशिक
पुढे नवे फ्लोअरिंग घ्यायची वेळ आलीच, तर उत्पादकाचे तांत्रिक माहितीपत्रक मागून त्यात ‘ऑर्थो-थॅलेटविरहित’ (डीईएचपी, बीबीपी ही याच प्रकारची थॅलेटे) असे स्पष्ट लिहिलेले आहे का ते वाचावे. दुकानदाराचा तोंडी शब्द पुरेसा मानू नये.